घोड्याचा तोल आणि लवचिकपणा: कोल्हापूर भागातल्या रायडरांचे नेहमीचे प्रश्न

कोल्हापूर भागात घोडी पाळणारी माणसं कमी नाहीत. कुणाकडं वरातीची घोडी आहे, कुणाकडं घोडागाडीच्या शर्यतीतला घोडा, कुणी हौसेनं सारंगखेड्याच्या बाजारातनं मारवाडी आणलाय, कुणी रेसमधनं रिटायर झालेला थरोब्रेड स्वस्तात घेतलाय. घोडा आणायला सगळे तयार असतात, पण आणल्यावर त्याला खोगिराखाली शिकवायचं कसं हे सांगणारं जवळ कुणी नसतं, मग तेच तेच प्रश्न परत परत येतात. ते इथं एका जागी लिहून ठेवलेत. माझं म्हणणं सगळ्या उत्तरांत एकच दिसेल, घोड्याच्या तोंडाशी कमीत कमी खेळा आणि मागच्या पायांना काम द्या, निम्म्याहून जास्त घोडी बिघडतात ती लगाम ओढल्यामुळं.

घोडा चार पायांवर उभा असतोय, मग त्याला तोल शिकवायचा म्हणजे काय?

मोकळा घोडा रानात पळताना तोल सांभाळतोच, त्याला कुणी शिकवायला लागत नाही. अडचण येते पाठीवर माणूस बसल्यावर. नुसत्या उभ्या घोड्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं, कारण मान आणि डोकं पुढं असतं, आणि आपण बसतो ते पण मागच्यापेक्षा पुढच्या पायांच्या जवळच, त्यामुळं पुढचा भाग आणखी जड होतो. त्यात घोड्याला आपल्यासारखं गळ्याखालचं आडवं हाड नसतं, दोन पुढच्या पायांच्या मधी छाती नुसत्या स्नायूंवर पेललेली असते. ते स्नायू कच्चे असले की वळणावर खांदा आत पडतो, घोडा दुडकीत घाई करतो, लगामावर रेलतो, आणि आपल्याला वाटतं घोडा तोंडाचा कडक आहे.

तोल शिकवणं म्हणजे मागच्या पायांना पोटाखाली पाऊल टाकायची सवय लावणं आणि पाठ, पोट, छाती हळूहळू मजबूत करणं. तालमीत नवीन पोरगं आल्या आल्या त्याला डाव शिकवत नाहीत, आधी जोर-बैठका काढायला लावतात, तसंच हे. खाली जे व्यायाम सांगितलेत त्या घोड्याच्या जोर-बैठका समजा.

मान दोन्ही बाजूला छान वळते, म्हणजे घोडा लवचिक झाला ना?

नाही. घोड्याच्या मानेत सात मणके असतात आणि ती मुळातच भरपूर वळते, मान वळवून तो स्वतःचं पोट चाटू शकतो. उभ्या घोड्याचा लगाम डावी-उजवीकडं ओढून तोंड रिकिबीला लावायचं, हे बऱ्याच जणांचं आवडतं काम, आणि त्यानं होतं काय तर मान खांद्यापासनं तुटल्यासारखी वेगळीच वळते आणि बाकीचं अंग आहे तसंच ताठ राहतं. खोगिराखालचा भाग, जिथं फासळ्या आहेत, तो फार थोडा वाकतो. म्हणून वळण मोठं ठेवून, सावकाश, डोक्यापासनं शेपटीपर्यंत सगळं अंग त्या वळणावर बसवायचं असतं.

खरा लवचिक घोडा ओळखायचा तर मानेकडं बघू नका. शेपूट सैल हलतेय का, पाठ चालीबरोबर वरखाली होतेय का, मधनंच नाकातनं फुर्रर करून श्वास सोडतोय का, दोन्ही कान सारखे हलतायत का, हे बघा.

माझी घोडी वरातीत नाचायला शिकवलेली आहे. डोकं कायम आभाळात. तिला हे जमेल का?

जमतं, पण वेळ लागतो, आणि तिचा यात काही दोष नाही हे आधी मनात पक्कं करा. हलगी वाजली की तोंड वर ओढून जागच्या जागी पाय उचलायला लावलेलं असतं, म्हणजे मान वर, पाठ खाली दबलेली, मागचे पाय लांब मागं राहिलेले, म्हणजे आपल्याला हवं त्याच्या बरोबर उलटं. मानेच्या खालचा स्नायू फुगलेला आणि वरचा, आयाळीजवळचा, बसलेला असेल तर समजायचं की वर्षानुवर्षं ती अशीच चाललीय.

अशा घोडीवर पहिले काही आठवडे बसायची घाई करू नका. मोहरकी (तोंडात लोखंड न घालता डोक्यावर बांधायची दोरी) घालून हातानं चालवा, रोज वीस-पंचवीस मिनिटं, मोकळ्या मानेनं. मग बसून नुसतं वॉक, लांब लगामावर. ज्या दिवशी ती आपणहून मान खाली सोडते आणि पाऊल लांब टाकते त्या दिवशी लगेच थांबायचं, उतरायचं, खोगीर काढायचं. तिला तेवढंच लक्षात राहतं की मान खाली सोडली की आराम मिळतो. आणि एक विनंती आहे, लग्नसराईत परत तिला नाचायला पाठवू नका, दोन्ही एकदम चालत नाही.

सुरुवात कशानं करायची?

वॉकनं. दहा-पंधरा मिनिटं सैल लगामावर मोठं मोठं वॉक, त्याच्याआधी ट्रॉट (दुडकी) नाही आणि कँटर (दुडकीपेक्षा वेगाची, उड्यांची चाल) तर नाहीच. तबेल्यात रात्रभर बांधलेल्या घोड्याचे सांधे आखडलेले असतात.

वॉकमधी घाई नको पण आळस पण नको. ओल्या मऊ मातीवर चालवा आणि मागं वळून खुरांचे ठसे बघा, मागच्या पायाचा ठसा पुढच्या पायाच्या ठशावर किंवा त्याच्या पुढं पडला पाहिजे. मागंच पडत असेल तर घोडा पाठ वापरत नाहीये. हे बघायला पैसे लागत नाहीत, कोच लागत नाही, तरी फार कमी जण बघतात.

ग्राउंड किती मोठं लागतं? आमच्याकडं अरीना नाही.

छोट्या अरीनाचं माप २० बाय ४० मीटर, मोठ्याचं २० बाय ६०. आपल्याला २० बाय ४० पुरतं, साधारण आठ गुंठ्यांच्या रानाला दोन गुंठे आणखी जोडले तर बाजूला फिरायला पण जागा राहते. जागा सपाट पाहिजे. बारीक मुरूम टाकून वर वाळू मिसळलेली माती असली तर उत्तम. ऊस तुटून गेलेलं रान बरेच जण वापरतात पण त्यात सऱ्या असतात आणि उसाचे बुडखे टोकदार राहिलेले असतात, नांगरून, सपाट करून, बुडखे वेचून मगच घोडा घाला. काळी रानं उन्हाळ्यात भेगाळतात, भेगेत पाय अडकला तर कायमचं नुकसान होतं. आणि डांबरी रस्त्यावर ट्रॉट करत रपेट मारायची पद्धत सोडाच, सांध्यांना नुसता मार बसतो.

वर्तुळ घालायचं म्हणजे नक्की कसं? माझा घोडा गोल जात नाही, कधी अंडाकृती कधी चौकोनी.

हा सगळ्यात महत्त्वाचा व्यायाम आहे म्हणून नीट सांगतो. जमिनीत खुंटी ठोका, तिला १० मीटर दोरी बांधा, दोरीच्या टोकाला चुन्याची पिशवी धरून गोल फिरा, २० मीटरचं वर्तुळ आखलं गेलं. त्याच्यावर घड्याळातल्या बारा, तीन, सहा, नऊच्या जागी एकेक वीट किंवा डबा ठेवा, मग खुंटी आणि दोरी काढून टाका. आता पूर्ण वर्तुळाचा विचारच करायचा नाही, फक्त पुढच्या विटेकडं बघायचं, तिथं पोचायच्या आधी त्याच्या पुढच्या विटेकडं नजर न्यायची. नजर वळली की खांदे वळतात, खांदे वळले की मांड वळते, घोड्याला ते पाठीवर कळतं.

पाय कसे ठेवायचे, तर आतला पाय तंगाजवळ (खोगिराच्या पोटाखालच्या पट्ट्याजवळ), तो घोड्याला आत पडू देत नाही. बाहेरचा पाय चारेक बोटं मागं, तो पुठ्ठे बाहेर फेकू देत नाही. बाहेरचा लगाम स्थिर, खांद्याला बाहेर सटकू न देणारा. आतला लगाम फक्त एवढाच की घोड्याच्या आतल्या डोळ्याची कड दिसावी, त्याहून जास्त मान वळली तर तो आतल्या लगामावर ओढला जातोय. वर्तुळ मोडलं की बहुतेक जण आतला लगाम आणखी ओढतात आणि घोडा मान आत करून खांद्यानं बाहेर जातो. तिथं आतला हात सोडा, बाहेरचा लगाम धरा, आतल्या पायानं दाबा. उलटं वाटतं पण चालतं ते असंच.

दोन फेऱ्या झाल्या की खाली उतरून ठसे बघा. मागचा पाय पुढच्याच वाटेवर पडत असेल तर घोडा सरळ आहे. वर्तुळावर पण सरळच म्हणतात त्याला.

उजवीकडं मस्त वळतो, डावीकडं ताठ. डाव्या बाजूला डबल काम द्यायचं का?

प्रत्येक घोड्याची एक बाजू आखडलेली आणि एक बाजू पोकळ, म्हणजे सहज वाकणारी, असते, आपल्याला जसा एक हात जास्त चालतो. आणि गंमत अशी की जी बाजू छान वाटते तिथं बऱ्याचदा तो नुसती मान जास्त वळवून खांदा बाहेर काढत असतो, म्हणजे दुखणं दोन्हीकडं आहे, दिसतं एकीकडं.

डबल काम देऊ नका. आखडलेल्या बाजूचे स्नायू लवकर थकतात, थकले की तो आणखी धरून ठेवतो. सोप्या बाजूनं सुरुवात करा, मग अवघड बाजू थोडी आणि मोठ्या वर्तुळावर, परत सोपी. बाजू वारंवार बदला. आठ आकडा त्यासाठीच असतो, २० बाय ४० मधी दोन वर्तुळं शेजारी शेजारी बसतात, मधल्या जागी एक घोडाभर लांबी सरळ चालायचं आणि मग दुसरीकडं वळायचं. ती सरळ लांबी विसरली की घोडा एका खांद्यावरनं दुसऱ्या खांद्यावर आदळतो. नागमोडी तीन वळणांची चाल हा त्याचाच पुढचा भाग.

वर्तुळ जमलं, पुढं काय?

वर्तुळ लहान-मोठं करणं. माझा सगळ्यात आवडता व्यायाम हाच. २० मीटरवर वॉक करत, तीन-चार फेऱ्यांत हळूहळू आत येत १०-१२ मीटरपर्यंत यायचं, एक फेरी तिथं थांबायचं, मग आतल्या पायानं दाबत दाबत परत बाहेर ढकलायचं. आत येताना कुणी पण येतं, सगळं मोल बाहेर जाण्यात आहे. बाहेर जाताना घोड्याचा वाक तसाच राहिला पाहिजे आणि आतला मागचा पाय पोटाखालनं पुढं आणि तिरका पडला पाहिजे. तिथं आपण बाहेरचा लगाम ओढून बाहेर नेलं तर व्यायाम वाया गेला, घोडा नुसता खांदा टाकून सटकतो.

वॉकमधी जमलं की ट्रॉटमधी. चालीचा ठेका बदलता कामा नये, मनातल्या मनात एक-दोन एक-दोन मोजत राहा, ठेका घाईचा झाला की वर्तुळ फार लहान झालंय असं समजून एक मीटर बाहेर जा. हे नीट जमत गेलं की एका क्षणी आतला लगाम आपोआप हलका होतो, हातात नुसतं वजन लागतं, ओढ लागत नाही. तो क्षण आला की मोकळं सोडा आणि मानेवर थाप द्या.

ट्रान्झिशन म्हणजे काय आणि त्याला एवढं महत्त्व कशाला?

एका चालीतनं दुसऱ्या चालीत जाणं. वॉक-ट्रॉट-वॉक, ट्रॉट-थांबा-ट्रॉट, असं. चाल बदलताना प्रत्येक वेळी मागचा पाय आत घ्यावा लागतो, ढोपर आणि कंबर वाकवावी लागते, म्हणजे एका ट्रान्झिशनमधी एक बैठक. अर्धा तास एकसारखा ट्रॉट मारण्यापेक्षा दहा पावलं ट्रॉट, दहा पावलं वॉक असं दहा मिनिटं केलं तर घोडा जास्त शिकतो आणि त्याचं डोकं पण तापत नाही.

खाली येताना आधी स्वतः ताठ व्हा, श्वास सोडा, कंबरेचं हलणं थांबवा, आणि लगाम सगळ्यात शेवटी मूठ आवळण्याएवढाच. वर जाताना पायाचा हलका स्पर्श, ऐकलं नाही तर परत स्पर्श न करता चाबकाची एक हलकी टोच पायाच्या मागं. टाच मारत राहिलं की घोडा बहिरा होतो.

लेग यील्ड आणि शोल्डर-इन आम्हाला कशाला पाहिजे, आम्ही काय ऑलिम्पिकला जाणार नाही.

पाहिजे, कारण ते घोड्याच्या भल्यासाठी आहे. लेग यील्ड सोपा. भिंतीपासनं, म्हणजे ग्राउंडच्या कडेपासनं, पाच मीटर आत सरळ चाला आणि आतल्या पायानं घोड्याला पुढं पण आणि भिंतीकडं पण सरकवा. भिंतीकडं जायला घोडी आपणहून ओढली जातात म्हणून सुरुवात तिकडनंच. अंग भिंतीला समांतर, खांदा किंचित पुढं, तोंड सरकायच्या उलट बाजूला अगदी थोडं. चार पावलं आडवी, मग सरळ, मग परत चार. एकदम भिंतीपर्यंत न्यायचा हट्ट नको.

शोल्डर-इन अठराव्या शतकातल्या फ्रेंच घोडेस्वार गुरूनं, फ्रांस्वा रोबिशाँ द ला गेरिनिएरनं, आज करतात त्या रूपात आणला आणि एवढ्या वर्षांत त्याला तोडीस तोड व्यायाम सापडलेला नाही असंच मला वाटतं. कोपऱ्यात १० मीटरचं वर्तुळ घाला, ते पूर्ण करून दुसरं सुरू करताना पहिल्याच पावलाला, म्हणजे पुढचे पाय भिंतीपासनं आत आले की, वर्तुळ सोडून भिंतीच्या कडेनं पुढं जा. मागचे पाय भिंतीच्या वाटेवर, खांदे आत, साधारण ३० अंश. समोरनं बघणाऱ्याला तीन वाटा दिसतात, कारण आतला मागचा पाय बाहेरच्या पुढच्या पायाच्या रेषेत येतो. आधी वॉकमधी, चार-पाच पावलं. समोर कुणाला तरी उभं करा नाहीतर आपण मान वाकवून शोल्डर-इन झालं असं समजत बसतो.

जमिनीवर दांडके ठेवून चालवतात ते काय? बांबू चालतील का?

बांबू नको. पाय पडला की गडगडतो आणि घोडा घसरतो. निलगिरीचे जड वासे घ्या, तीन मीटर लांब, दोन्ही टोकांना वाळूचं पोतं लावून पक्के करा. वॉकसाठी अंतर अडीच ते तीन फूट, ट्रॉटसाठी चार ते साडेचार फूट, कँटरसाठी नऊ-दहा फूट. चौदा हातांच्या (घोड्याच्या मापात एक हात म्हणजे चार इंच) आतला घोडा असेल तर ट्रॉटचं अंतर साडेतीन फुटांपासनं सुरू करा आणि त्याच्या पावलाला जुळवा, अंतर घोड्यासाठी आहे, घोडा अंतरासाठी नाही.

आधी एकच वासा, मग एकदम तीन. दोन ठेवले तर बरीच घोडी दोन्ही एकदम उडी मारून पार करतात. पहिल्यांदा वाशावरनं जाताना घोडा काय करतो ते बघण्यासारखं असतं, लांबनंच कान पुढं, नाक खाली, वास घेत घेत येतो, पहिल्या वाशाला खूर थटतो, ठक्क आवाज होतो, आणि दुसऱ्या फेरीला तोच पाय चांगला वर येतो, पाठ फुगते आणि खोगीर आपल्याला वर उचलतंय असं जाणवतं. त्या वेळी मान मोकळी पाहिजे, लगाम धरून ठेवला तर तो बिचारा पाय बघू पण शकत नाही. पुढं पुढं वाशाचं एक टोक सहा इंच उचला, एकदा डावं एकदा उजवं. आठवड्यातनं दोनदा बास.

जोतिबा, पन्हाळा जवळ आहे. चढावर नेलं तर फायदा?

मोठा फायदा. चढावर वॉक केलं की पुठ्ठे आणि कंबर कामाला लागते, आणि उतारावर तोल. चढताना थोडं पुढं वाका, मान मोकळी सोडा, पाहिजे तर आयाळ धरा पण लगामावर लोंबकळू नका. उतरताना सरळ उतरा, आडवं नेलं तर पाय घसरतो, आणि एकेक पाऊल, घाई केली तर थांबवा, परत चाला. जांभा दगडाच्या वाटांवर नाल नसलेला घोडा नेऊ नका. मोठ्या ट्रॉटपेक्षा अर्धा तास चढाचं वॉक बरं, आणि यात्रेच्या दिवसांत, गर्दीत, तिकडं नकोच.

मारवाडी घोडा रवाल (बिनझटक्याची, सपाट चाल) चालतो, ट्रॉट करतच नाही. बिघडलाय का?

बिघडलेला नाही, ती त्याची चाल आहे आणि बसायला फार आरामाची आहे. फक्त रवाल चालीत डोकं वर धरून पळवत राहिलं तर पाठ दबते. अशा घोड्याला वर्तुळ, लेग यील्ड, शोल्डर-इन सगळं वॉकमधी करा. जमिनीवरचे वासे ट्रॉटच्या अंतरावर ठेवले तर बऱ्याच वेळा चार पावलं ट्रॉट आपोआप पडतो, तेवढ्यावर शाबासकी द्या.

रेसमधला किंवा घोडागाडीच्या शर्यतीतला घोडा थांबतच नाही, लगाम ओढला की आणखी पळतो.

कारण त्याला तेच शिकवलेलं आहे. रेसमधी जॉकी लगाम धरतो आणि घोडा त्यावर टेकून पळतो, म्हणजे ओढ लागली की पळायचं. त्याला ओढून थांबवणं सोडा आणि वर्तुळावर घ्या, वर्तुळ मोठं ठेवून शांत बसून राहा, त्याचं त्यालाच हळू व्हायला सोपं जातं. पहिले दोन महिने कँटर विसरा. गाडीचा घोडा असेल तर त्याला पाठीवरचं वजन नवीन आहे आणि पायाची भाषा मुळीच माहीत नाही, ती खाली उभं राहून बोटानं बाजूला सरकवत शिकवा.

तोंड फार कडक आहे म्हणून काटेरी लगाम घातलाय, त्याशिवाय ऐकत नाही.

काढा. आजच. १९६५ च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार काटे असलेला लगाम ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांना वापरायला बंदी आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी ज्या जिभेवर आणि हिरड्यांवर लोखंडी काटे टोचतात तो घोडा कधीच मान मऊ सोडणार नाही, तो दुखण्यापासनं लांब पळतो आणि आपण त्याला कडक म्हणतो. बाजारात असले लगाम अजून उघड मिळतात याचा राग येतो. साधा मधी जोड असलेला गुळगुळीत स्नॅफल घाला, तोंडाच्या कोपऱ्यात एखादी सुरकुती पडेल एवढ्या उंचीवर. जखमा असतील तर त्या भरेपर्यंत नुसत्या मोहरकीवर हातानं काम करा.

लंजिंग करताना, म्हणजे लांब दोरावर गोल फिरवताना, डोकं खाली बांधून फिरवलं तर मान लवकर येते म्हणतात.

मान येते, पाठ येत नाही. बांधलेली मान घोडा नुसता मोडून धरतो आणि मागचे पाय मागंच राहतात. साइड रेन (लगामाच्या कडीपासनं खोगिराला बांधायचे पट्टे) लावायचेच असतील तर लांब लावा, नाक कपाळाच्या पुढं राहिलं पाहिजे. दोर मोठा ठेवा, वर्तुळ १५ ते २० मीटरचं, वेळ पंधरा-वीस मिनिटं, दोन्ही बाजूंना सारखा. छोट्या वर्तुळात अर्धा-अर्धा तास पळवून दम काढणं म्हणजे व्यायाम नव्हे, सांधे झिजवणं आहे.

कँटरमधी चुकीचा पाय उचलतो. सारखं मारून शिकवायचं का?

मारायचं काहीच कारण नाही. डावीकडच्या वर्तुळावर डावा पुढचा पाय आघाडीला हवा, तो उजवा येत असेल तर बहुतेक वेळा तुम्ही त्याला घाईच्या ट्रॉटमधनं ढकलताय. ट्रॉट हळू करा, लहान वर्तुळातनं मोठ्यावर बाहेर सरकवा आणि बाहेर सरकताना, अंग वाकलेलं असतानाच, कँटर मागा. चुकला तर शांतपणे ट्रॉट, परत. एकाच बाजूला कायम चुकत असेल तर पाठ किंवा मागचा पाय दुखतोय का ते डॉक्टरांना दाखवा.

आठवड्याचं काम कसं लावायचं?

चार दिवस ग्राउंड, एक-दोन दिवस मोकळी रपेट, एक दिवस पूर्ण सुट्टी, मोकळं सोडायला जागा असेल तर सोडा. एका वेळी चाळीस-पंचेचाळीस मिनिटं पुरे, त्यातली पहिली पंधरा आणि शेवटची दहा वॉकची. कठीण व्यायाम मधल्या वीस मिनिटांतच. शेवटच्या वॉकच्या आधी लगाम लांब सोडून, मान पुढं-खाली ताणायला देऊन, मोठ्या वर्तुळावर एक-दोन फेऱ्या ट्रॉट, हे विसरू नका.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात काय करायचं?

एप्रिल-मेमधी सकाळी उजाडताच, आठच्या आत संपवा. काम झाल्यावर पाणी ओतत राहा, मान, छाती, पायांच्या मधे, आणि प्यायला पाणी द्या, गरम झालेल्या घोड्याला पाणी दिलं तर बाधतं ही जुनी भीती आहे, न दिल्यानंच बाधतं. घामातनं मीठ जातं म्हणून खुराकात रोज थोडं मीठ.

पावसाळ्यात ग्राउंड चिकट झालं की बसू नका, काळ्या चिखलात नाल निघतो आणि शिरा ओढल्या जातात. शेडमधी हातानं काम करा, मागं सरकवणं, वाशावरनं चालवणं, पुठ्ठे फिरवणं. खूर रोज साफ करा, ओल्यात बूड कुजतं.

शेडमधे करण्यासारखा एक व्यायाम म्हणजे गाजराचा. गाजर दाखवून घोड्याचं तोंड छातीशी, पुढच्या पायांच्या मधे आणि मग दोन्ही बाजूंना पोटाकडं न्यायचं, चार-पाच सेकंद धरायचं, मग द्यायचं. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या २०११ सालच्या अभ्यासात आठ घोड्यांना तीन महिने, आठवड्यातनं पाच दिवस असे व्यायाम दिले तर पाठीच्या कण्याला धरून ठेवणारा आतला स्नायू जाड झालेला दिसला. काम झाल्यावर, अंग गरम असताना करा. बोटं सांभाळा.

आधी करत होता, आता अचानक करत नाही, कान मागं टाकतो.

आधी दुखणं शोधा, आणि मग वागणुकीचा विचार करा. खोगीर काढल्यावर पाठीवरचा घाम बघा, सगळीकडं ओलं आणि मधेच एक कोरडा डाग असेल तर तिथं खोगीर दाबतंय. खांद्याच्या उंचवट्यावर खोगीर आणि घोडा यात दोन-तीन बोटं जागा पाहिजे, माणूस बसल्यावर सुद्धा. दात वर्षातनं एकदा दाखवा. नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी आलाच पाहिजे, खूर पुढनं लांब वाढला की तोल जातोच, कितीही व्यायाम करा.

किती वयापासनं आणि किती वजनाचा माणूस?

चार वर्षांच्या आत पाठीवर काम नको, पाठीचे मणके पाच-साडेपाच वर्षांपर्यंत पक्के होत राहतात, त्यामुळं चार ते सहा वयात हलकंच. माणूस आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत, म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोड्याला ७० किलो. आपल्याकडची बरीच घोडी साडेतीनशेच्या आसपासच असतात, तेव्हा हिशेब करा. आणि मांड कच्ची असलेला हलका माणूस पण जडच पडतो, म्हणून आठवड्यातनं एक दिवस दुसऱ्या कुणाकडनं दोर धरून रिकीब न घेता बसायचा सराव करा.

मी एकटाच असतो, बघणारं कुणी नाही. बरोबर चाललंय का कसं कळणार?

मोबाईल. कुंपणाच्या खांबाला घोड्याच्या पोटाच्या उंचीवर बांधा आणि महिन्यातनं दोनदा तेच वर्तुळ, त्याच बाजूनं, वॉक आणि ट्रॉट, दोन-दोन मिनिटं शूट करा. बघताना आवाज चालू ठेवा, टापांचा ठेका ऐका, डोळ्यांना जे दिसत नाही ते कानाला कळतं. मग मागचा पाय कुठपर्यंत येतो ते आधीच्या व्हिडिओशी लावून बघा. आणि घोड्याचा एका बाजूनं, उघड्या पाठीचा, सपाट जागी उभा फोटो पण काढून ठेवा, मानेची वरची रेषा भरायला लागली आणि खालची बसायला लागली तर काम बरोबर चाललंय, उलटं होत असेल तर परत लांब लगामाच्या वॉकवर या.